डोंगरावरच्या शाळेतून परत गेलेली माणसं

रोझा पार्क्सची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. १ डिसेंबर १९५५. अमेरिकेतलं अलाबामा राज्य, माँटगोमेरी शहर. मोठ्या दुकानात शिवणकाम करणारी एक काळी बाई दिवसभर राबून दमली. घरी जायला बसमध्ये बसली. गोऱ्या माणसासाठी जागा सोड म्हटल्यावर उठली नाही. पोलिसांनी धरून नेलं. मग काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला आणि इतिहास घडला. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. सभेत भाषण ठोकताना आपणही एवढंच सांगतो आणि टाळ्या घेतो.

ही गोष्ट अर्धी आहे. आणि अर्धी गोष्ट प्रस्थापितांच्या फार सोयीची असते. 'दमलेली बाई' म्हटलं की ती बिचारी होते. तिचे दुखणारे पाय तेवढे उरतात, तिचं डोकं गायब होतं. मग असं वाटायला लागतं की अन्याय फार झाला की कोणीतरी आपोआप बसून राहतो आणि क्रांती आपोआप होते. आपण फक्त वाट बघायची.

रोझाबाईंनी स्वतः पुढे आपल्या आत्मचरित्रात हे खोडून काढलं. त्या दिवशी त्या रोजच्यापेक्षा जास्त दमलेल्या नव्हत्या. दमल्या होत्या त्या नमतं घेऊन घेऊन. त्यांचं वय तेव्हा ४२ होतं. १९४३ पासून त्या एन.ए.ए.सी.पी. या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस होत्या. तरुण पोरापोरींचा गट त्याच चालवत होत्या. गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या मोठ्या वाचनालयात जाऊन पुस्तक मागा, असं त्या पोरांना शिकवत होत्या. आणि अटकेच्या चारेक महिने आधी, त्या उन्हाळ्यात, घरदार सोडून दोन आठवड्यांच्या एका शिबिराला जाऊन आल्या होत्या.

त्या शिबिराबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख. कारण मित्रांनो, शिबिरं आपणही घेतो. दोन दिवस, तीन दिवस. पोरं बॅगा घेऊन येतात, गाणी होतात, भाषणं होतात, फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. आणि परत गेल्यावर? त्या डोंगरावरच्या शाळेतून माणसं परत गेली ती कशी गेली, हे बघण्यासारखं आहे.

१

टेनेसी राज्यात माँटीगल नावाचं गाव आहे. डोंगराळ मुलूख. खाणीत आणि लाकूडतोडीत राबणारी गोरगरीब माणसं. तिथं १९३२ मध्ये मायल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट या दोन तरुणांनी हायलँडर फोक स्कूल काढलं. हॉर्टन त्याच टेनेसीतल्या गरीब घरातला, गोरा. धर्मशास्त्र शिकायला न्यूयॉर्कला गेला, पुढे शिकागोला. पण त्याच्या डोक्यात एकच किडा होता: अडाणी ठरवलेली माणसं एकत्र येऊन स्वतःचे प्रश्न सोडवतील अशी शाळा कशी काढायची? त्यासाठी तो डेन्मार्कला जाऊन आला. तिथं ग्रुंटविग या माणसाच्या विचारातून एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांच्या पोरांसाठी निवासी शाळा निघाल्या होत्या. पहिली शाळा १८४४ सालची. परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत. पोरं एकत्र राहणार, एकत्र गाणार, बोलणार आणि आपापल्या गावी परत जाणार.

हॉर्टनने परत येऊन हेच केलं. लिलियन जॉन्सन नावाच्या एका शिक्षणतज्ज्ञ बाईंनी आपलं घर आणि जमीन शाळेला वापरायला दिली. सुरुवातीला खाणकामगार, लाकूडतोडे, गिरणीतले मजूर यायचे. युनियन कशी बांधायची हा प्रश्न असायचा.

त्याच पहिल्या वर्षी विल्डर नावाच्या खाणीत संप झाला. हॉर्टन तिथं गेला, लोकांशी बोलला, तर त्याला सैनिकांनी पकडलं. आरोप काय? हॉर्टन पुढे आयुष्यभर हा किस्सा सांगायचा. आरोप असा की हा माणूस इथं येऊन माहिती गोळा करतो आणि परत जाऊन ती शिकवतो! बघा. सरकारला शिक्षण म्हणजे काय ते बरोब्बर कळलेलं होतं. माहिती गोळा करणं हा गुन्हा, आणि ती शोषितांपर्यंत नेणं हा तर त्याहून मोठा गुन्हा.

टेनेसीत १९०१ सालापासून कायदा होता की काळे आणि गोरे एका शाळेत शिकू शकत नाहीत. खाजगी शाळेतसुद्धा नाही. हायलँडरने हा कायदा धुडकावला. १९४४ पासून तिथं कामगारांच्या शिबिरात काळे-गोरे एकत्र राहायला लागले. एका छपराखाली झोपणं, एका टेबलाला जेवणं, एका तळ्यात पोहणं. पाण्यावरून आणि पंगतीवरून काय काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चवदार तळं आपलंच आहे.

लोक हॉर्टनला विचारायचे, तुम्ही काळ्या-गोऱ्यांना एकत्र जेवायला बसवता तरी कसं? त्याचं उत्तर ठरलेलं. आधी जेवण तयार करायचं. मग ते टेबलावर मांडायचं. मग घंटा वाजवायची. बस. तिथं समतेवर व्याख्यान नव्हतं. भूक लागलेली माणसं येऊन बसायची, आणि बसल्यावर आयुष्यभराचा नियम मोडलेला असायचा.

२

१९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य आहे. निकाल कागदावर आला. पण कागद आणि गाव यांच्यात किती अंतर असतं ते आपण जाणतो. निकाल प्रत्यक्षात कसा आणायचा, यावर हायलँडरने १९५५ च्या उन्हाळ्यात शिबिर ठेवलं. माँटगोमेरीच्या व्हर्जिनिया डर या गोऱ्या बाईंकडे रोझा पार्क्स शिवणकाम करून द्यायच्या. त्यांनी खटपट करून रोझाबाईंचा खर्च मिळवून दिला. रोझाबाई एकट्या निघाल्या.

पहिले काही दिवस त्या बोलल्याच नाहीत. सेप्टिमा क्लार्क तिथं शिकवत होत्या, त्यांनी ही आठवण सांगून ठेवली आहे. रोझाबाई गप्प का होत्या? लाजाळू होत्या म्हणून नुसतं नाही. इथं काही बोललं आणि ते माँटगोमेरीत गोऱ्यांच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल, घरावर दगड येतील, ही धास्ती. शिबिराला आलेला गप्प पोरगा बघितला की आपण म्हणतो, याला काही कळत नाही. त्याच्या पोटात काय आहे हे आपण विचारत नाही. तो ज्या गावात परत जाणार आहे ते गाव त्याच्या शेजारी बसलेलं असतं.

मग हळूहळू त्या उमलल्या. त्यांनी पुढे सांगितलेली एक आठवण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सकाळी जाग यायची ती कॉफीचा आणि तव्यावरच्या मांसाचा वास घेत. आणि ते रांधत असायची गोरी माणसं. आपल्याला उठून कोणाचं करायचं नाहीये! आयुष्यभर गोऱ्यांच्या कपड्यांना टाके घालणाऱ्या बाईला हा वास काय सांगून गेला असेल? समतेवरची शंभर पुस्तकं एका बाजूला आणि तो सकाळचा वास एका बाजूला. हक्क म्हणजे काय, हे डोक्याला आधीच माहीत होतं. ते अंगाला पहिल्यांदा कळलं. बेचाळिसाव्या वर्षी.

घर सोडून लांब जायचं ते यासाठी. घरी सगळं ओळखीचं असतं. नळावर कोण आधी, रस्त्यावरून कोण बाजूला होणार, कोणाला साहेब म्हणायचं. पाठीचा कणा त्या बाकाला सवयीचा होतो. दोन आठवडे दुसरीकडे राहिलं की समजतं, हा बाक निसर्गानं दिलेला नाही.

पण हायलँडरचं खरं वैशिष्ट्य शेवटच्या दिवशी होतं. शिबिर संपताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: परत गेल्यावर तू काय करणार? रोझाबाईंनी काही डरकाळी फोडली नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की माँटगोमेरीत फार काही घडेल असं वाटत नाही. तिथली आपली माणसं एकजुटीनं उभी राहायची नाहीत. पण मी पोरांच्या गटाचं काम करत राहीन. एवढंच. चार महिन्यांनी काय झालं ते जगाने पाहिलं.

म्हणून ज्यांना वाटतं की शिबिरातून परत जाताना जोरात घोषणा दिली नाही म्हणजे पोरगा वाया गेला, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

३

बरं, रोझाबाई एकट्यानं हे घडलं का? नाही. त्याच वर्षी २ मार्चला त्याच शहरात क्लॉडेट कोल्विन नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरीने बसमध्ये जागा सोडायला नकार दिला होता. तिलाही अटक झाली. ती रोझाबाईंच्याच पोरांच्या गटातली. म्हणजे शिकवणारीच्या आधी पोरगी उभी ठाकली, हेही इतिहासात नीट लिहा.

आणि १ डिसेंबरच्या रात्री काय झालं? जो अ‍ॅन रॉबिन्सन नावाची काळी प्राध्यापक बाई, शहरातल्या काळ्या स्त्रियांच्या राजकीय मंडळाची पुढारी. अटकेची बातमी कळताच ती रात्री आपल्या कॉलेजात गेली. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी बरोबर घेतले. कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर रात्रभर पत्रकं काढली, हजारोंनी. सोमवारी बसमध्ये चढू नका. पहाटेपर्यंत गठ्ठे बांधून तयार. दुसऱ्या दिवशी शाळाशाळांतून, दुकानांतून, दारादारांतून पत्रकं पोचली. हातात हा असला शाईनं बरबटलेला अंक धरून वाचणाऱ्या दोस्ता, त्या रात्रीच्या मशीनचा खडखडाट जरा आठव. तुझ्या हातातला कागद हलका नाही.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक मैलोन्‌मैल चालत कामाला गेले. १९५६ च्या डिसेंबरात बसमधला भेद कायद्याने संपला. आणि रोझाबाई? त्यांची नोकरी १९५६ च्या जानेवारीतच गेली. नवऱ्यालाही काम सोडावं लागलं. धमक्या, फोनवर शिव्या. १९५७ साली त्यांना शहर सोडून डेट्रॉइटला जावं लागलं. पुतळे फार नंतर झाले. आपल्या चळवळीतल्या किती कार्यकर्त्यांचं असंच झालं, त्यांची मोजदाद कोणी ठेवली आहे?

४

आता सेप्टिमा क्लार्कबद्दल सांगतो. ही बाई आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही. आपल्याकडे कशाला, त्यांच्या देशातसुद्धा फार उशिरा ठाऊक झाली.

जन्म १८९८, साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्सटन. पेशानं मास्तरीण. १९५६ साली त्या राज्याने फर्मान काढलं की सरकारी नोकरांनी एन.ए.ए.सी.पी.चं सभासद राहायचं नाही. पुष्कळांनी नाव लपवलं. क्लार्कबाईंनी लपवलं नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शन गेलं. मग हायलँडरने त्यांना शिबिरांची प्रमुख म्हणून बोलावून घेतलं.

चार्ल्सटनजवळ जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथली काळी माणसं शेतात आणि शहरात मजुरी करायची. मतदार यादीत नाव घालायचं तर वाचून दाखवण्याची परीक्षा. वाचता येत नाही म्हणून मत नाही, मत नाही म्हणून शाळा नाही, शाळा नाही म्हणून वाचता येत नाही. हा चरखा आपल्या ओळखीचा आहे. ईसॉ जेंकिन्स नावाचा माणूस स्वतःची बस चालवायचा, बेटावरच्या मजुरांना रोज शहरात न्यायचा. बसमध्येच तो लोकांना राज्यघटनेची कलमं वाचून दाखवायचा. हा जेंकिन्स १९५४ साली क्लार्कबाईंबरोबर हायलँडरच्या शिबिराला गेला. परत गेल्यावर काय करणार, हा प्रश्न त्यालाही विचारला. तो म्हणाला, मला माझ्या लोकांसाठी प्रौढांची शाळा पाहिजे.

हायलँडरने पंधराशे डॉलर उसने दिले. त्यातून एक जुनी इमारत घेतली. पुढे किराणा दुकान, मागच्या खोल्यांत वर्ग. दुकान कशाला? गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून. १९५७ च्या जानेवारीत वर्ग सुरू झाला. पहिले विद्यार्थी चौदा.

आणि शिक्षिका कोण? बर्निस रॉबिन्सन. केस विंचरण्याचा, बायकांना सजवण्याचा धंदा करणारी बाई. ती म्हणाली, मी शिक्षिका नाही, मला जमणार नाही. क्लार्कबाई आणि हॉर्टन म्हणाले, म्हणूनच तू पाहिजेस. शिकलेला मास्तर या लोकांना खाली बघेल. दुसरं कारण धोरणाचं होतं. तिची सगळी गिऱ्हाइकं काळी. गोरा मालक तिला कामावरून काढू शकत नव्हता. कार्यकर्ता निवडताना त्याच्या पोटाची दोरी कोणाच्या हातात आहे हे बघायचं असतं, ही अक्कल त्या लोकांना होती.

पहिल्या रात्री रॉबिन्सनबाईंनी लहान मुलांची पुस्तकं नेली होती. मोठ्या माणसांपुढे ती चालली नाहीत. मग त्यांनी विचारलं, तुम्हांला काय शिकायचंय? कोणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं. कोणाला बायबल वाचायचं होतं. कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. बस, तोच अभ्यासक्रम. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्कांची सनद लावली होती. वर्ग संपेपर्यंत ती वाचता आली पाहिजे असं ठरलं. शेतीची कामं नसतात त्या थंडीत आठवड्यातून दोन रात्री वर्ग. पहिल्या वर्गातल्या बहुतेकांची नावं मतदार यादीत चढली.

या शाळांना नागरिकत्व शाळा म्हणत. एका दुकानाच्या मागच्या खोलीतून सुरुवात झाली आणि सगळ्या दक्षिणेत शेकडो वर्ग निघाले. १९६१ मध्ये हा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हाती घेतला. जॉर्जिया राज्यातल्या डॉर्चेस्टर इथं शिबिरं व्हायला लागली. खेड्यापाड्यातली माणसं बस भरभरून यायची, चारपाच दिवस राहायची आणि गावी परत जाऊन वर्ग काढायची.

एक कडू गोष्टही सांगून टाकतो. पुढारी बहुतेक पुरुष. बैठकीत क्लार्कबाई बोलल्या तर ऐकायची तयारी नाही. त्यांनी किंगना पत्र लिहिलं की प्रत्येक मोर्चाच्या पुढे तुम्हीच चालू नका, इतरांनाही पुढारी होऊ द्या. पत्र वाचून दाखवल्यावर तिथली मंडळी हसली. हे क्लार्कबाईंनी म्हातारपणी स्वतः सांगितलं आहे. हसणारे आपल्यातले नव्हते, एवढ्यावर समाधान मानू नका. आपल्या बैठकीत चहा कोण करतं आणि ठराव कोण मांडतं ते आज घरी जाऊन आठवा.

५

आता गाण्याचं. आपल्याकडे काही शहाणे म्हणतात, गाणी पुरे झाली, विचार सांगा. जणू गाणं म्हणजे भाषणाच्या आधी गर्दी जमवायचं साधन. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी जे निरक्षर वस्त्यांत पोचवलं ते छापील पुस्तकं किती पोचवू शकली असती? तरी हा वाद आपल्यात चालूच असतो.

हायलँडरमध्ये गाणं आणि नाटक हा अभ्यासक्रमाचा भाग होता. ते काम झिल्फिया हॉर्टन यांचं. अर्कान्सासच्या, संगीत शिकलेल्या. बाप खाणीचा मालक. पोरगी कामगारांच्या बाजूनं उभी राहिली म्हणून बापानं घराबाहेर काढलं. १९३५ मध्ये त्या हायलँडरला आल्या, मायल्सशी लग्न केलं आणि तिथंच राहिल्या. आलेल्या प्रत्येक कामगाराकडून त्याचं गाणं शिकून घ्यायचं, त्यात त्याच्या लढ्याचे शब्द घालायचे आणि ते पुढच्या तुकडीला शिकवायचं, ही त्यांची रीत. शिबिरात कामगार स्वतःच्या संपाची नाटकं बसवायचे. कोणी मालक व्हायचा, कोणी फौजदार. मालकाची भूमिका केली की मालक कसा विचार करतो ते कळतं. नाटक ही तिथं लढ्याची तालीम होती.

१९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यात संप झाला. संपात मुख्यतः काळ्या बायका. थंडीपावसात पहाऱ्याच्या रांगेत उभ्या राहून त्या चर्चमधलं एक जुनं गाणं म्हणायच्या. ल्युसिल सिमन्स नावाची कामगार बाई ते फार संथ, लांबवून म्हणायची. चर्चच्या गाण्यात 'मी' होता, संपात तो 'आम्ही' झाला. संपातल्या बायका हायलँडरला आल्या तेव्हा झिल्फियांनी ते गाणं उचललं. १९४७ मध्ये त्यांच्याकडून ते पीट सीगर शिकला. तेच 'वी शॅल ओव्हरकम'. गिरिजाकुमार माथुरांनी ते हिंदीत आणलं आणि 'हम होंगे कामयाब' म्हणून आपण सगळ्यांनी शाळेच्या प्रार्थनेला म्हटलं. मास्तरांनी सांगितलं का कधी, की हे गाणं तंबाखू वळणाऱ्या काळ्या बायकांच्या संपातून आलंय? विडी वळणाऱ्या आईच्या पोरानं ते म्हटलं असेल आणि त्याला ठाऊक नसेल की हे आपल्या आईचंच गाणं आहे. हिसकावणं ते असं असतं.

झिल्फिया १९५६ मध्ये अकाली वारल्या. १९५९ पासून गाय कॅरावान हा गायक हायलँडरमध्ये ते काम पाहायला लागला. १९६० च्या फेब्रुवारीत काळ्या विद्यार्थ्यांनी दुकानांतल्या खानावळींत ठिय्या द्यायला सुरुवात केली. एप्रिलच्या सुरुवातीला अशा विद्यार्थ्यांचं शिबिर हायलँडरला भरलं. त्याच महिन्यात एला बेकर या अनुभवी कार्यकर्तीने रॅले शहरात विद्यार्थ्यांची मोठी परिषद बोलावली. तिथं स्निक या नावानं गाजलेली विद्यार्थ्यांची संघटना जन्मली. कॅरावानने तिथं हे गाणं म्हटलं आणि सगळी पोरं हात गुंफून उभी राहिली. तिथून ते तुरुंगातुरुंगात गेलं.

मिसिसिपीतली फॅनी लू हेमर, वीस भावंडांतली शेवटची, दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस वेचणारी. १९६२ मध्ये मतदार यादीत नाव घालायला गेली म्हणून मालकाने हाकलून दिलं. १९६३ च्या जूनमध्ये ती चार्ल्सटनच्या शिबिराहून परत येत होती. वाटेत विनोना गावी पोलिसांनी तिला आणि सोबतच्यांना उतरवून तुरुंगात टाकलं आणि मरेस्तोवर मारलं. त्या कोठडीत या बायका गाणी म्हणत राहिल्या. शिबिरातून परत जाण्याची किंमत काही वेळा ही असते. हे पोरांना आधीच सांगावं. लपवून नेऊ नये.

६

एवढं झाल्यावर सरकार गप्प बसेल? १९५७ च्या सप्टेंबरात शाळेला २५ वर्षं झाली, किंग पाहुणे म्हणून आले. जॉर्जियाच्या सरकारने तिथं आपला फोटोवाला घुसवला. पुढे त्या फोटोचे मोठमोठे फलक दक्षिणेतल्या रस्त्यांवर लागले: किंग कम्युनिस्टांच्या प्रशिक्षण शाळेत. माणसाला देशद्रोही ठरवायची ही पद्धत जुनी आहे.

३१ जुलै १९५९ च्या रात्री पोलिसांचा छापा पडला. सिनेमा दाखवणं चालू होतं. क्लार्कबाईंना दारू बाळगल्याच्या आरोपाखाली पकडलं. आयुष्यात दारूला न शिवलेली एकसष्ट वर्षांची बाई! पोलिस झडती घेत होते, शिबिरार्थी अंधारात बसले होते. त्यांत माँटगोमेरीहून आलेली शाळकरी पोरं होती. त्यांतल्या चौदा वर्षांच्या एका मुलीने गाणं सुरू केलं, तेच गाणं, आणि त्यात भीती झटकणारं एक नवं कडवं तिथल्या तिथं जोडलं. आज ते कडवं जगभर म्हणतात. पोलिसांच्या बॅटरीच्या उजेडात रचलं गेलेलं कडवं आहे ते.

१९६० मध्ये कोर्टाने शाळेची सनद रद्द केली. आरोप तीन: परवान्याशिवाय बिअर विकली, शाळा हॉर्टनच्या खाजगी फायद्यासाठी चालवली, आणि काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवलं. खरं दुखणं तिसरं होतं. अपील चाललं नाही. १९६१ च्या डिसेंबरात इमारती, सामान, सगळ्याचा लिलाव झाला. हॉर्टनचं म्हणणं होतं की शाळेला टाळं ठोकता येतं, विचाराला येत नाही. त्यांनी लगेच नव्या नावाने दुसरी सनद घेतली आणि नॉक्सव्हिल शहरात काम सुरू केलं. १९७२ पासून ही संस्था टेनेसीतच न्यू मार्केट इथं आहे. हॉर्टन १९९० मध्ये वारले. २९ मार्च २०१९ ला तिथलं मुख्य कार्यालय आगीत जळून गेलं आणि जवळच्या आवारात गोऱ्या वर्चस्ववाद्यांचं चिन्ह रंगवलेलं सापडलं. म्हणजे शत्रूला अजूनही ही शाळा सलते. संस्थेचं काम त्यानंतरही चालू राहिलं.

७

आपला आणि त्यांचा धागा जुना आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची माहिती मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडून घेतलं. आपण त्यांच्याकडून डरकाळी घेतली, ते चांगलंच केलं. पण त्या डरकाळीच्या आधी दहा-वीस वर्षं डोंगरावर, दुकानाच्या मागच्या खोलीत, सायक्लोस्टाइल मशीनपाशी जे चालू होतं ते आपण किती घेतलं?

हायलँडरमध्ये सगळं सोन्याचं होतं असं नाही. शाळा काढणारे गोरे होते, निर्णयाच्या जागा बराच काळ त्यांच्याकडे होत्या. दुसऱ्यानं काढलेल्या शाळेत आपण पाहुणेच असतो, हा प्रश्न तिथं होता आणि आपल्यालाही रोज पडतो. देणगीदाराच्या पैशानं भरलेल्या शिबिरात खरं बोलता येतं का? पण एक गोष्ट त्यांनी नेकीनं केली. नागरिकत्व शाळांचं काम मोठं झालं तेव्हा ते काळ्यांच्या संघटनेच्या हाती सोपवून टाकलं. धरून ठेवलं नाही.

म्हणून पुढच्या शिबिराची तयारी करताना, दोस्तांनो, वक्त्यांची यादी शेवटी करा. आधी ठरवा की स्वयंपाक कोण करणार आणि पंगतीत कोण कुठं बसणार. गप्प बसलेल्या पोरीला माईक देऊ नका, वेळ द्या. आलेल्या प्रत्येकाच्या वस्तीतलं एक गाणं लिहून घ्या. आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटण्याऐवजी सगळ्यांनी गोल बसून एकेकाला विचारा: परत गेल्यावर तू काय करणार?

उत्तर लहान असलं तरी चालेल. एका बाईने, पोरांच्या गटाचं काम करत राहीन, एवढंच सांगितलं होतं.